प्रवचनात झोपलेलं बरं

८ जानेवारी १९७९, सोमवार

मी कंटाळवाणा माणूस आहे हे आज सरकारदरबारी सिद्ध झालं.

तालुक्याच्या कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा लोइदाने मला धुतलेला बनियन घालायला लावला. असंच एक बोलावणं पूर्वी आलं होतं, आणि मी दोन हंगाम कामाग्वेकडच्या छावणीत सक्तीने ऊस तोडून परत आलो होतो. 'समाजोपयोगी' होऊन आणि निम्मा होऊन. त्या दिवशी माझ्या अंगात भोकाचा बनियन होता, याचं माझ्या बायकोला अजून वाईट वाटतं. छावणीचं वाटतं ते वेगळं.

कचेरीत कॉम्रेड एवेलिओ रोके बसला होता. त्याच्याकडे तालुक्यातली दोन खाती आहेत, धर्म आणि डास. दोन्ही आटोक्यात ठेवायचे असतात. समूळ जात नाहीत हे त्यालाही ठाऊक आहे.

"पास्टर," तो म्हणाला, "साखर कारखान्याच्या रात्रशाळेचा मास्तर अंगोलाला लढायला गेला. मे महिन्यात कामगारांची सहावीची परीक्षा. सगळ्या तालुक्यात आपलाच कारखाना मागे. तुम्ही पूर्वी मास्तर होतात ना?"

होतो. चर्चची शाळा होती तोवर होतो. क्रांती झाली, एकसष्ट साली शाळा राष्ट्राची झाली आणि मी नुसता देवाचा उरलो.

"पण माझ्यासारख्याला फळ्याजवळ फिरकू देत नाहीत," मी म्हणालो.

"ते खरं. पण तुमच्याबद्दल आमच्याकडे फार चांगली माहिती आहे." त्याने आवाज खाली घेतला. "तुमच्या चर्चमध्ये आमचा एक माणूस आहे. कोण ते विचारू नका. तो सांगतो, तुमच्या प्रवचनात माशासुद्धा झोपतात. वर्षानुवर्षं हेच सांगतोय. पास्टर, तुम्ही निरुपद्रवी आहात!" आणि पदक देताना दाबतात तसा त्याने माझा हात दाबला.

अट एकच. वर्गात देव नको आणि चर्चमध्ये गर्दी नको. गर्दी झाली की वर्ग बंद.

घरी येऊन लोइदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वर्ग मिळाला ना? मग झालं तर."

"माशा झोपतात म्हणे! असं कोण बोलू शकतं?"

"लोक काहीही बोलतात. ओबेद, तुला वर्ग मिळाला."

मिळाला. अठरा वर्षांनी हातात खडू येणार. दुपारी मी न्हाणीघरात जाऊन थोडा रडलो. आणि मग माशांचा राग आला.

११ जानेवारी, गुरुवार

वर्ग कारखान्याच्या जेवणघरात भरतो. मळीचा वास, वर पंखा, तोही राष्ट्रहितार्थ बंद. कामगार पाळी संपवून येतात, नखांत काळं, डोळ्यांत झोप. मला ते सगळे बघताक्षणी आवडले.

पुढच्या बाकावर बॉयलरवरचा कासिमिरो बाल्बुएना. त्याला वाटतं की अपूर्णांक ही मास्तरांनी वेळ घालवायला काढलेली युक्ती आहे. त्याच्या शेजारी मिग्दालिया फोन्सेका. ही आमच्या गल्लीच्या समितीची अध्यक्ष. कोणाकडे कोण आलं, कोणाच्या घरी मांस शिजलं, हे बघायची सरकारी जबाबदारी हिच्यावर. सगळं दिसतं बाईला, फक्त स्वल्पविराम दिसत नाही.

मी खडू उचलला आणि सवयीने म्हणालो, "बंधूंनो आणि भगिनींनो..."

"आमेन, मास्तर!" कासिमिरो ओरडला आणि जेवणघर हसलं. मिग्दालियासुद्धा हसली, मग आपण कोण आहोत ते आठवून गप्प झाली.

वर्गाच्या शेवटी नियमाप्रमाणे उभं राहून घोषणा द्यायची. मी म्हणायचं, "मातृभूमी किंवा मरण!" त्यांनी म्हणायचं, "आम्ही जिंकू!" पहिल्यांदा माझा आवाज फुटला नाही. कासिमिरो म्हणाला, "मास्तर, अशाने आपण हरू." दुसऱ्यांदा बरा आला.

लोइदा आज नेहमीप्रमाणे बसने तालुक्याला जाऊन आली. दर गुरुवारी दवाखान्यात गुडघा शेकायला जाते. गुडघा आहे तसाच आहे. पण जाणं सोडत नाही, चिकाटीची आहे.

१४ जानेवारी, रविवार

आज प्रवचन देताना मी लोकांकडे नीट पाहिलं. आमचे वडीलधारे पंच हेरवासिओ पॉर्तेल पहिलं वाक्य संपायच्या आत झोपले. त्यांच्या मागची रांग पंख्याने वारा घेत झोपली. एक कुत्रं आलं, थोडं ऐकलं आणि निघून गेलं. यांच्यातला खबऱ्या कोण? जागा असलेला माणूस शोधायचा तर पेटी वाजवायला बसलेल्या लोइदाशिवाय कोणीच नव्हतं.

मग खिडकीतून समोरच्या सज्जात मिग्दालिया दिसली. चर्चकडे तोंड करून वाटाणे सोलत होती. रविवारी, बरोबर प्रवचनाच्या वेळी! माझी खात्री पटली.

जेवताना लोइदाला म्हणालो, "ती मिग्दालियाच आहे."

"असेल," ती म्हणाली. "भात घे."

"तुला माझं प्रवचन कसं वाटतं? खरं सांग."

तिने जरा विचार केला. "बिनमिठाच्या भातासारखं. पोट भरतं, पण नंतर आठवत नाही."

तीस वर्षांचा संसार, आणि हे. मी पुढे भात घेतला नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार

एवेलिओ वर्ग बघायला आला. खूश झाला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमचा माणूस अगदी बरोबर सांगतो. बिनमिठाचा भात. पोट भरतं, पण आठवत नाही!"

म्हणजे मिग्दालिया आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहून ऐकते! मी लोइदाला सांगितलं, खिडकी लावत जा. ती एकदम लाल झाली आणि खिडकी लावायला गेली. तिलाही संताप आला असणार.

२८ जानेवारी, रविवार

आज परत तेच. हेरवासिओ घोरले. आणि मला प्रश्न पडला, देवाने मला बोलवलं ते याचसाठी का? मी वर्गात अपूर्णांक शिकवतो तेव्हा बॉयलरवरून आलेली माणसं डोळे ताणून ऐकतात, मध्येच भांडतात, हसतात. तोच मी, तोच आवाज, मग रविवारी काय होतं? छावणीतून आल्यावर मी असा झालो की काय? पूर्वी मी बरा बोलायचो. लोइदा माझं बोलणं ऐकूनच माझ्या प्रेमात पडली होती, असं ती तेव्हा तरी म्हणायची.

भीती हेच कारण असेल. दर वाक्य बोलायच्या आधी मी ते धुऊन, पिळून, वाळत घालतो. मग त्यात मीठ कुठून राहणार?

ठरवलं. पुढच्या रविवारी चांगलं प्रवचन द्यायचं. राजकारण नाही, कोणाला टोचणं नाही. फक्त चांगलं. चांगलं बोलण्याला बंदी आहे असं एवेलिओ म्हणाला नव्हता.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चष्मा सापडेना. लोइदा म्हणाली, आज जुनंच प्रवचन पाठ म्हण. शेवटी चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. माझा विसरभोळेपणा वाढत चाललाय.

विषय घेतला बलामाच्या गाढवीचा. संदेष्टा शहाणा, शिकलेला, राजाकडून मानधन घेणारा. वाटेत देवदूत उभा, तो याला दिसत नाही. गाढवीला दिसतो. ती थांबते, हा तिला बडवतो. शेवटी गाढवी तोंड उघडून बोलते, आणि गंमत म्हणजे हा दचकत नाही, तिच्याशी वाद घालत बसतो! मी म्हणालो, "भावांनो, गाढवाशी वाद घालणारा माणूस तुम्ही कचेरीत पाहिला असेल. मी तर आज सकाळी आरशात पाहिला."

हसू आलं. आमच्या चर्चमध्ये हसू! हेरवासिओ दचकून जागे झाले आणि म्हणाले, "काय झालं? कोण मेलं?"

समोर सज्जात मिग्दालियाने खुर्ची कठड्याला लावली.

लोइदाने मात्र शेवटचं गीत इतकं हळू वाजवलं की लोकांचा श्वास संपला. घरी आल्यावर म्हणाली, "हे पुन्हा करू नकोस."

"आवडलं नाही तुला?"

ती भात टाकायला निघून गेली. हेवा असेल का? पण कशाचा?

१८ फेब्रुवारी, रविवार

कासिमिरो आला! बायकोला घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, मागच्या बाकावर. "मास्तर, गाढवाचं ऐकलं मी बॉयलरवर. आज कोणता प्राणी?" आज योनाचा मासा होता. त्याच्यामागून वर्गातले आणखी चौघे. मी त्यांना परत पाठवायला हवं होतं. पण चर्चच्या दारात उभं राहून 'आत येऊ नका' म्हणणारा पास्टर मला होता आलं नाही. खरं सांगायचं तर मला व्हायचंही नव्हतं.

प्रवचन ऐन रंगात असताना लोइदाने पेटीवर कोपर ठेवलं आणि भोंग्यासारखा आवाज झाला. चुकून, म्हणाली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

लोइदा दवाखान्यातून पांढरीफटक होऊन आली. "डॉक्टरांनी फार प्रश्न विचारले," म्हणाली.

"गुडघ्याबद्दल?"

"हो. गुडघ्याबद्दलच."

आपल्याकडे वैद्यकीय सेवा किती बारकाईने चालते! रात्रीच्या जेवणाला तिने मला विनवलं की पुढचा महिनाभर फक्त बायबलातल्या गणना या पुस्तकावर बोल. वंशावळी, शिरगणती, तंबूचे खुंट. मी हसलो. ती हसली नाही.

११ मार्च, रविवार

हे कसं लिहू?

चर्च भरलं होतं. निम्मे कामगार, निम्मे आमचे जुने. मिग्दालिया सज्जातून खाली येऊन खिडकीबाहेर उभी. पाच भाकरी आणि दोन मासे हजारोंना पुरले त्यावर मी बोललो, रेशनच्या रांगेत असलेल्या प्रत्येकाला कळेल असं. पोरंसोरं, म्हातारे, सगळे जागे. शेवट असा जमला की अंगावर काटा आला. मी दोन्ही हात वर केले आशीर्वाद द्यायला, समोर माझेच विद्यार्थी उभे राहिले, रोज रात्री राहतात तसे, आणि माझ्या तोंडून पूर्ण छातीने बाहेर पडलं,

"मातृभूमी किंवा मरण!"

आणि सगळं चर्च गरजलं, "आम्ही जिंकू!"

सगळं. हेरवासिओ सगळ्यात मोठ्याने. माणसाला वीस वर्षं सवय लावली की तो देवाघरीही तेच ओरडतो. मग अशी शांतता पसरली की समोरच्या घरातलं दूध उतू गेल्याचा आवाज आला. मग कासिमिरो म्हणाला, "आमेन," आणि जो हशा पिकला तो थांबेचना. हशाच वाईट झाला. नुसती घोषणा असती तर देशभक्ती म्हणता आलं असतं.

आमचे पंच चिडले, मी उपासना बाटवली. मिग्दालिया चिडली, मी घोषणेची टिंगल केली. दोन्ही पक्षांना एकाच वाक्यात दुखावणारा मी या जिल्ह्यातला पहिलाच असेन.

लोइदा पेटीचं झाकण लावून तशीच बसून राहिली होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "आता ते तुला नेतील." एवढंच.

१३ मार्च, मंगळवार

बोलावणं आलं. पुन्हा धुतलेला बनियन.

एवेलिओ दमलेला होता. तालुक्यात डासांची फवारणी चालू आहे, त्यात मी. "पास्टर, काय केलंत हे? वर्ग बंद करा म्हणून वरून सांगितलंय. तुम्हाला परत ऊस तोडायला पाठवा, असंही एकजण म्हणाला."

परीक्षा दोन महिन्यांवर. आणि ऊस, तो तर मला आता स्वप्नातही नको.

"पण आमचा माणूस तुमच्या बाजूने उभा राहिला," तो म्हणाला. "तो सांगतो, टिंगल नव्हती, नुसती सवय. पास्टर झोपेतसुद्धा घोषणा देतो म्हणे. आधी मातृभूमी किंवा मरण, मग 'लसावि काढा', आणि मग सगळं पांघरूण स्वतःकडे ओढून घेतो."

तो हसला. मीही हसलो. त्याला आपण काय बोललो ते कळलंच नाही. धर्म आणि डास दोन्ही सांभाळताना माणसाचं डोकं चालत नाही.

"पण आता वरच्यांना शंका आली आहे," तो पुढे म्हणाला. "आमचा माणूस म्हणतो पास्टर कंटाळवाणा, मग चर्च भरतं कशाने? आमचाच माणूस खोटं सांगतोय का? म्हणून या रविवारी मी स्वतः येतो. माहिती खरी निघाली तर वर्ग चालू, विषय संपला. नाहीतर तुम्हीही जाल, आणि आमच्या माणसालाही जाब द्यावा लागेल. तो जाब साधा नसतो."

बसने न येता मी चालत आलो. पांघरूण.

तोच दिवस, दुपार

लोइदा स्वयंपाकघरातल्या दोरीवर धुणं वाळत घालत होती. मी म्हणालो, "गुडघा कसा आहे?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चिमटे खाली ठेवले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू छावणीतून आलास त्या महिन्यापासून. घरी आले होते दोघे. म्हणाले, तुम्ही सांगा, नाहीतर दुसरं कोणी सांगेल. दुसरं कोण, ओबेद? हेरवासिओ? तो भोळा, तो सांगून बसला असता की तू फार छान बोलतोस."

"आणि तू काय सांगितलंस?"

"की तू कंटाळवाणा आहेस. दर गुरुवारी. उपमा शोधून शोधून जीव जातो माझा."

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते लिहीत नाही. खिडकी उघडी होती आणि मला त्याची पर्वा नव्हती. माझ्या पानात वाढणारी, माझ्या शेजारी निजणारी बाई, आणि ती दर गुरुवारी बसमध्ये बसून मला विकायला जाते! ती ऐकून घेत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तू परत आलास तेव्हा तुझ्या बरगड्या मोजता येत होत्या. मी ठरवलं, हा पुन्हा जाणार नाही. याला माणसांनी ओवाळलं नाही तरी चालेल, पण हा जाणार नाही."

"आणि बाकीचे? हेरवासिओंच्या पोराने बोटीने देशाबाहेर पळून जायचं ठरवलं होतं, ते सगळ्या चर्चला ठाऊक होतं. ते विचारलं असेल त्यांनी."

"विचारलं."

"मग?"

"मी म्हणाले, त्या चर्चमध्ये सगळे झोपतात. कोण काय बोललं हे कोणालाच माहीत नसतं."

म्हणजे माझ्या कंटाळवाणेपणाखाली ही माझं सगळं चर्च लपवून बसली होती, आणि मी मीठ घालायला निघालो.

तरी राग गेलेला नाही. माणूस एकाच वेळी उपकृत आणि फसलेला असू शकतो, हे मला माझ्या शिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. जाता जाता एकच विचारलं, "गाढवाचं प्रवचन?"

"ते चांगलं होतं," ती म्हणाली. "ते मी सांगितलं नाही."

१६ मार्च, शुक्रवार

तीन दिवस आम्ही फक्त मीठ दे, पाणी भर एवढंच बोललो. आज मी तिला म्हणालो, रविवारी गणना, अध्याय पहिला. शिरगणती. ती म्हणाली, "हळू वाच. आणि 'तथापि' खूप वापर."

रविवारी कोण येणार ते वर्गाला सांगणं शक्य नाही. फळा आणि व्यासपीठ वेगळं. वर्ग सुटताना कासिमिरो म्हणाला, "मास्तर, रविवारी कोणता प्राणी? मी सासूलापण आणतोय."

१८ मार्च, रविवार

सगळे आले. सासूसकट. उन्हाने पत्रा तापलेला. एवेलिओ मिग्दालियाला घेऊन तिसऱ्या बाकावर बसला. ती पहिल्यांदाच चर्चच्या आत आली होती आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. एवेलिओचे डोळे तांबारलेले, अंगाला फवारणीच्या औषधाचा वास.

मी सुरू केलं. रऊबेनचा वंश, त्यांची संख्या. शिमोनचा वंश, त्यांची संख्या. तथापि. गादचा वंश. कामगार पुढे वाकून वाट बघत होते की आता गाढव येईल. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं वाईट बोललो नव्हतो, आणि एवढी मेहनतही कधी घेतली नव्हती.

आणि मग मागून कुजबुज ऐकू आली. "हातचे दोन." कासिमिरो बेरीज करत होता! गेल्या आठवड्यात मी त्यांना मोठ्या संख्यांची बेरीज दिली होती, आणि हे लोक इस्राएलचे वंश जमवत बसले. "चुकलं रे, हातचे तीन!" त्याची सासू म्हणाली. बाकाबाकावर बोटं हलू लागली. सगळं चर्च जागं, डोळे चमकतायत, यहूदाच्या संख्येवर वाद पेटलाय. जगातलं सगळ्यात रटाळ प्रकरण वाचूनही मी गर्दी रंगवत होतो. मी लोइदाकडे पाहिलं. तिने डोळे गच्च मिटले होते. मला वाटलं, संपलं. आता दोघंही जाणार.

तेवढ्यात मिग्दालिया उभी राहिली.

ओरडणार, असं मला वाटलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग त्याच बोटाने शेजारी दाखवलं. एवेलिओ मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता.

कुजबुज थांबली. बोटं थांबली. सासूने पंखा मांडीवर ठेवला. मिग्दालियाने त्याच्या तोंडावरची माशी हाताने हळूच हाकलली आणि मला मानेने खूण केली, चालू द्या मास्तर. म्हणजे हिला सगळं कळलं होतं. मंगळवारी खिडकी उघडी होती हे मला तेव्हा आठवलं. अख्ख्या गल्लीने माझं ओरडणं ऐकलं असणार, आणि कोणीही ते कुठेही नेलेलं नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. आवाज इतका खाली आणला की सगळ्यांना पुढे सरकावं लागलं. मी म्हणालो, आपल्याला वाटतं आपण आपल्या धैर्यावर जगतो. तसं नसतं. आपण निजलेले असतो तेव्हा कोणीतरी जागं राहून आपल्यासाठी खोटं बोलत असतं, आणि त्याचा हिशेब स्वतःच्या देवाला देत असतं. मला ते कळायला फार वर्षं लागली. कळल्यावर मी आधी त्या माणसावर ओरडलो. आज मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो. एवढंच माझं प्रवचन.

कोणी आमेन म्हटलं नाही. सगळ्यांनी फक्त ओठ हलवले. कासिमिरोने टोपीने डोळे पुसले. शेवटचं गीत लोइदाने एका बोटाने वाजवलं आणि आम्ही ते तोंड मिटून गुणगुणलो, तान्ह्या बाळाला निजवताना गुणगुणतात तसं.

बाकं रिकामी झाल्यावर एवेलिओ जागा झाला. हनुवटी पुसली, मनगटाकडे पाहिलं, आणि फार गंभीर चेहरा करून म्हणाला, "पास्टर, आमची माहिती अचूक आहे. वर्ग चालू ठेवा."

घरी आल्यावर कॉफी मी केली. मग ती कपाकडे बघत म्हणाली, "मी डोळे मिटले होते. पण मी झोपले नव्हते, ओबेद."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.